सुलक्षणाच्या खानावळीतलं मीठ

कासुर्डीची सुलक्षणा लग्न होऊन शिरूर तालुक्यात कारेगावला आली, तेव्हा तिथल्या माळावर कंपन्यांच्या शेड नुकत्या उभ्या राहत होत्या. नवरा पोपटराव कामगारांची बस चालवायचा. कमी बोलणारा, पण खाण्याचा मोठा शौकीन. एकदा त्यानं बसमधल्या दोघा परगावच्या कामगारांना घरी जेवायला आणलं. त्या दोघांनी दुसऱ्या आठवड्यात आणखी तिघं आणले. पुढं घराच्या ओट्यावर पत्रा पडला, पत्र्याखाली टेबलं आली आणि बघता बघता छत्तीस माणसांची खानावळ झाली. धाकटी जाऊ अनिता चपात्या लाटायची, बाकी सगळं सुलक्षणाच्या हातात.

त्या हाताचं कौतुक पार न्हावऱ्यापर्यंत होतं. शेंगदाण्याची आमटी, मासवडीचा रस्सा, लसणाचा ठेचा. तिनं मीठ कधी चमच्यानं मोजलं नाही. मुठीनं घालायची, आणि पातेलं केवढंही असो, वरून घ्यायची वेळ कुणावर यायची नाही. तरी टेबलावर मिठाची बाटली असायचीच, आणि ताटात लोणचं, पापड, ठेचा हे तिन्ही. बारा-बारा तास मशीनपुढं उभी राहून आलेली माणसं. त्यांच्या तोंडाला चव यावी एवढंच तिला कळत होतं.

पोपटरावाच्या कंपनीत एकदा तपासणीचं शिबिर झालं. त्याचं बीपी वरचं एकशे नव्वद निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं. गोळ्या त्यानं महिनाभर खाल्ल्या. डोकं दुखायचं थांबलं तशा बंद केल्या. "दुखतच न्हाई तर गोळी कशाला?" म्हणाला. मिठाचं म्हणाल, तर कुणीतरी सांगितलं की सैंधवाला काही होत नाही. म्हणून घरात सैंधव आलं आणि तो ते पहिल्यासारखंच, उलट थोडं जास्तच खायला लागला. औषधच खातोय असं दोघांनाही वाटत होतं.

पाच वर्षांनी एका सकाळी त्याचे पाय बुटात जाईनात. तोंड सुजलं, दम लागायला लागला. तपासण्या झाल्या आणि कळलं की दोन्ही किडन्या गेल्यात. तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता.

शिरूरच्या एका दवाखान्यात आठवड्यातनं तीनदा डायलिसिस सुरू झालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुलक्षणाला समोर बसवून खाण्याचं समजावलं. पाणी मोजून, डाळ थोडी, मीठ जवळजवळ नाहीच.

"आन् सैंधव?" सुलक्षणानं विचारलं.

"तेही मीठच आहे, ताई. धडधाकट माणसालाही दिवसभरात सगळं मिळून एक लहान चमचा मीठ पुरे. पाच ग्रॅम. तुमच्या घरात किती लागतं?"

"घरचं येगळं न्हाई ओ. खानावळ हाय. छत्तीस माणसं."

"मग छत्तीस माणसांचं सांगा."

"किलोचा पुडा दोन दिस जातो."

डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर हिशोब केला. "माणशी तेरा-चौदा ग्रॅम. यात लोणचं-पापड धरलेलं नाही."

सुलक्षणानं मोबाइलवरचा आकडा बघितला. मग म्हणाली, "म्हंजी ह्यांचं असं मी केलं?"

"असं कुणी एकानं केलेलं नसतं. गोळ्या बंद केल्या, पुन्हा तपासलं नाही, बरीच कारणं असतात."

"पर मिठाचा हात हाय ना त्यात?"

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, हो म्हणून, आणि पुढच्या पेशंटची फाईल ओढली.

परतताना जीपमध्ये पोपटराव खिडकीला डोकं टेकून बसला होता. "कशाला इचारलंस?" तो म्हणाला. "झालं ते झालं." पण सुलक्षणाच्या मनात छत्तीस माणसं एकेक करून येत होती. कुणाचा चेहरा गेले काही महिने सुजल्यासारखा दिसत होता, कुणी रोज डोकेदुखीची गोळी मागत होता.

दुसऱ्या दिवसापासनं तिनं नवऱ्याचं पातेलं वेगळं केलं आणि खानावळीतलंही मीठ कमी करायला घेतलं. कुणाला सांगितलं नाही. आधी कणकेतलं मीठ बंद केलं. मग भातातलं. दहा दिवस गेले, एकाच्याही लक्षात आलं नाही. तिला हुरूप आला. भाजीत चमच्यानं मोजून घालायला लागली आणि कमी पडेल तिथं लिंबू, भाजलेलं जिरं, लसूण, तिळाचं कूट वाढवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, महिनाभर कळ काढली की जीभ सवय बदलते, मग पूर्वीचं जेवणच खारट लागतं. सुलक्षणा कॅलेंडरवर दिवस बघत होती. एक महिना. एवढाच.

सतराव्या दिवशी तिनं ताटातलं लोणचं आणि पापड बंद केला, आणि तिथं गाडी अडली.

खानावळीत राहू गावचा इंद्रजीत म्हणून एक जण जेवायला होता. तिशी ओलांडलेला, अंगानं दणकट, एका कंपनीत मशीनवर ऑपरेटर. बायको-मुलगी गावाकडं, हा इथं खोली करून राहायचा. बोलण्यात फटकळ, पण सणावाराला पोपटरावाच्या पाया पडणारा. त्यानं आमटीचा घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाला, "मावशी, मामांचा डबा चुकून आमच्याकडं आला का काय?"

सगळी टेबलं हसली. मामा म्हणजे पोपटराव, तो आत खाटेवर होता. त्याला ऐकू गेलं.

सुलक्षणा बाहेर आली. "चुकून न्हाई. मीच कमी घालती. तुमच्या भल्यासाठी."

"आमचं भलं आमी बघू की. आमाला काय बीपी हाय?"

"बघितलंय का कवा?"

पोपटरावासाठी आणलेलं बीपीचं मशीन तिनं आतनं आणून टेबलावर ठेवलं. गंमत म्हणून एकेकानं हात पुढं केला. दहा-बारा जणांचं बघून झालं. चौघांचं जास्त निघालं आणि इंद्रजीतचं सगळ्यात जास्त. एकशे अडुसष्ट, खालचं एकशे चार. तिनं त्याला शांत बसवून पुन्हा बघितलं. तेवढंच.

"मशीन बिघडलंय," इंद्रजीत म्हणाला.

"सकाळी ह्यांचं बघितलं तवा बरोबर होतं. दवाखान्यात जाऊन ये बाबा. गोळी चालू कर."

"गोळी एकदा धरली की सुटत न्हाई, मावशी. चौतिसाव्या वर्षी गोळ्या खाऊ व्हय?" त्यानं बाही खाली केली आणि बाटलीतलं मीठ आमटीवर झटकलं.

त्याच सुमारास रस्त्यापलीकडच्या गाळ्यात एक नवी खानावळ निघाली. लाल तर्री, दोन तऱ्हेचे पापड, लोणच्याची बरणी टेबलावरच. पहिल्या आठवड्यात सुलक्षणाची पाच माणसं गेली, दुसऱ्या आठवड्यात नऊ. इंद्रजीतही गेला. जाताना तोंड चुकवून गेला नाही, सांगून गेला: "राग धरू नका मावशी. जेवणावर मन बसंना." त्या खानावळीला महिना भरला तेव्हा आणखी आठ जाऊन ओट्यावर चौदा माणसं उरली होती.

त्या चौदांत शिरूरचा सलमान होता, फोर्कलिफ्ट चालवणारा. वाढेल ते मुकाट्यानं खायचा, मिठाची बाटली कधी मागायचा नाही. सुलक्षणाला त्याचा फार आधार वाटायचा. अनिताला ती म्हणायची, "बघ, त्याची जीभ बदलली. एकाची बदलली, तर सगळ्यांची बदलंल." एक दिवस तिनं कौतुकानं त्याला विचारलंच, "तुला अळणी लागत न्हाई ना आता?"

सलमान ओशाळला. "मावशी, खरं सांगू का? मला कोविड झाल्यापासनं चवच कळत न्हाई. वास बी येत न्हाई. तुमी भुसा वाढला तरी तसाच."

सुलक्षणा हसली. मग आत जाऊन मोरीपाशी बराच वेळ पातेली घासत बसली, घासून झालेली पुन्हा घासत.

अनितानं फार दिवस धीर धरला होता. त्या दिवशी तिनं विषय काढला. "अक्का, एक बोलू का? मला पन्नास चपात्यांचं काम उरलंय. माझ्या घरातली चूलबी ह्याच ओट्यावर पेटती. भाऊजींना तीनदा शिरूरला न्यायचं, ते कशावर?"

"आगं पर आपल्याला कळलंय ना आता? कळून सवरून कसं घालायचं?"

"आपण न्हाई घातलं, तर समोरचा घालतोय. माणसं तीच, मीठ तेवढंच. फरक फक्त आपल्याला पडला." अनितानं पोळपाट भिंतीला उभा केला. "लोकांच्या जिभेला आपण काय कुलूप लावणार?"

सुलक्षणानं तिच्याशी भांडण केलं नाही. भांडायला काही नव्हतंच. तिनं पोपटरावाला विचारलं. तो म्हणाला, "घाल. तुझा जीव कशाला जाळतीस?" त्याचा आवाज तेव्हा बारीक झाला होता.

एका मंगळवारी तिनं आमटीत पहिल्यासारखं मुठीनं मीठ घातलं. वाफेनं डोळे चुरचुरले, एवढंच. पंधरा दिवसांत वीस-बावीस माणसं परत आली. इंद्रजीत पहिल्या चौघांत होता. पहिला घास खाऊन त्यानं बोटं चाटली. "आत्ता कसं! आमची जुनी मावशी परत आली."

तरी त्याच्यापुरता तिनं हट्ट सोडला नाही. आमटीत शेवटचं मीठ पडण्याआधी एक वाटी बाजूला काढायची आणि ती त्याच्या ताटात ठेवायची. त्यानं बाटली मागितली. तिनं सगळ्या टेबलांवरच्या बाटल्या उचलून आत ठेवल्या. मग तो खिशातनं फरसाणाची पुडी काढायला लागला, आमटीत चुरायला. दोघांचं असं पाच-सहा आठवडे चाललं. शेवटी एक दिवस गर्दी ओसरल्यावर तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला. हसत नव्हता.

"मावशी, दिवसभर सायबाचं ऐकायचं. मशीन म्हणंल तसं हात हलवायचा. मुतायला जायचं तर इचारून जायचं. घरी फोन केला तर बायकोचं गाऱ्हाणं, आईचं गाऱ्हाणं. एक जेवण तेवढं माझं हाय. ते तरी मला माझ्या मनानं जेवू द्या."

सुलक्षणानं हातातलं ताट खाली ठेवलं. "गोळी तरी घे रं," एवढंच म्हणाली.

"घेतो की," तो म्हणाला, आणि तो घेणार नाही हे दोघांना माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासनं तिनं त्याची वाटी वेगळी काढायची सोडली.

माघात, पाळी सुटायच्या वेळेला, इंद्रजीत कंपनीत मशीनपुढंच कोसळला. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. पुण्याला नेलं, ऑपरेशन झालं, जीव वाचला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. सव्वा महिन्यानं त्याला राहूला घरी आणल्याचं सलमाननं सांगितलं.

डायलिसिस नसलेला दिवस बघून सुलक्षणा निघाली. पारगावपर्यंत एसटी, तिथून माणशी भाडं घेणारी वडापची जीप. वाटेत दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधूनच गुऱ्हाळांचा गोड धूर. तिच्या माहेराकडचा, लहानपणापासनं पाहिलेला मुलूख, पण तिचं लक्ष नव्हतं. जाऊन काय बोलायचं तेच ठरत नव्हतं.

इंद्रजीत पडवीत पलंगावर होता. दणकट अंग ओसरून गेलं होतं. तिला बघून त्याच्या तोंडातनं काहीतरी आवाज निघाला आणि डाव्या डोळ्यातनं पाणी आलं. त्याची आई पुतळाबाई उशाशी बसून त्याला खिचडी भरवत होती. खिचडीत लोणच्याचा खार कालवलेला, वर पापड कुस्करलेला.

"या बाई, बसा," पुतळाबाई म्हणाली. "तुमचं नाव लय घ्यायचा. मावशीच्या हातचं जेवण, मावशीच्या हातचं जेवण. आता बगा, तोंडाला चवच न्हाई लेकराच्या. साधं दिलं की थुकून टाकतो. म्हणून जरा खारट-आंबट करून देती. दोन घास तरी जात्यात."

सुलक्षणा पुढं सरकली. "आवो, मीठ नका देऊ. ह्यानंच झालंय. दवाखान्यात सांगितलं असंल की."

"सांगितलंय ना," इंद्रजीतची बायको सायली दारातनं म्हणाली. पंचविशीची पोरगी, कडेवर मुलगी. "कागद बी दिलाय. पर तिखट-मीठ न्हाई म्हटलं की हे तोंडच उघडत न्हाईत. उपाशी ठिवू का?"

"महिनाभर कळ काढली की सवय हुती."

"महिनाभर?" पुतळाबाईनं चमचा वाटीत ठेवला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "बाई, त्याचं आता ऱ्हायलंय काय? चालणं गेलं, बोलणं गेलं. एवढी चव ऱ्हायलीय. ती बी मी हिसकून घिऊ?"

इंद्रजीत सुलक्षणाकडं बघत होता. डाव्या हातानं त्यानं आईचा हात ओढला, वाटीकडं. पुतळाबाईनं पुढचा घास दिला. त्यानं तो सावकाश चघळला, अर्धा ओठातनं खाली आला. सुलक्षणानं आपल्या पदरानं त्याची हनुवटी पुसली.

निघताना त्यांनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटात कैरीचं लोणचं होतं, कुरडई होती, वांग्याची भाजी होती. भाजी खारट होती. पाहुणी म्हणून तिनं ताटातलं सगळं संपवलं.

पोपटराव त्यानंतर सात-आठ महिने राहिला. सुलक्षणानं त्याचं पथ्य एक दिवस मोडलं नाही. दीड वर्ष त्यानं पांढरा भात आणि दुधी खाल्ला, आणि शेवटी तोंड फिरवायला लागला. एका शुक्रवारी दुपारी त्यानं तिला हाक मारली. "आगं, ठेचा दे की जरा. बोटाला लागंल एवढाच."

ठेचा समोरच होता. ओट्यावर माणसं जेवत होती, अनिता वाटीनं वाढत होती.

"उद्या शनवारी डॉक्टरीणबाई नसत्यात. सोमवारी डायलिसिसला गेल्यावर त्यांना इचारती," सुलक्षणा म्हणाली. "त्या हो म्हणल्या तर देती."

"बरं," तो म्हणाला. पुन्हा मागितला नाही. शनिवारी डायलिसिस होतं, पण बीपी खाली गेल्यानं ते मधेच थांबवावं लागलं. सोमवार उजाडायच्या आत, रविवारी सकाळी चहाच्या वेळेला तो गेला. त्याला उठवायला म्हणून तिनं खांद्याला हात लावला, तर खांदा गार होता.

दहाव्याला घोडनदीच्या काठी पान मांडलं. त्याला आवडायचं ते सगळं अनितानं करून आणलं होतं. मासवडी, लोणचं, आणि ठेच्याचा चांगला मोठा गोळा. कावळा लगेच शिवला. जमलेली माणसं म्हणाली, चला, आत्मा तृप्त होता, काही वासना राहिली नाही. सुलक्षणानं हात जोडले. शुक्रवारची गोष्ट तिनं तिथं कुणाला सांगितली नाही आणि पुढंही कधी सांगितली नाही. दिला असता तर दोन दिवस आधी गेला असता की त्याच दिवशी गेला असता, हे तिला कोण सांगणार होतं? डॉक्टरीणबाईंना विचारायला ती पुन्हा शिरूरला गेली नाही.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी खानावळ सुरू झाली. सकाळी चौघं नवीन कामगार चौकशीला आले. नांदेडकडचे, कालच रुजू झालेले. त्यांच्यातला एक जण ओट्याखालनंच म्हणाला, "मावशी, आधीच्या मेसला जेवण अगदी अळणी होतं, म्हणून विचारतो. तुमच्याकडं कसं असतं?"

"चांगलं असतं," सुलक्षणा म्हणाली. "बसा. हात धुवून घ्या."

आत अनितानं आमटीला उकळी आणली होती. सुलक्षणानं मिठाचा नवीन पुडा दातानं फोडला.